डॉ. वॉर्ड यांची बाटली

पावसाळा मध्यावर आला की आमच्या ओपीडीत तापाच्या रुग्णांची रांग लांबते. डेंगीची शंका आली की मी घरातल्या पाण्याची चौकशी करतो. टाकी झाकलेली असते, पिंप कोरडं केलेलं असतं. मग विचारतो, घरात झाडं आहेत का? इथे उत्तर देणारा थबकतो. खिडकीत बाटलीतला मनी प्लँट असतो, बाल्कनीत कुंड्यांखाली पाण्याने भरलेल्या ताटल्या असतात. एडिस डासाला अंडी घालायला तेवढं पाणी पुरतं, आणि अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

म्हणून झाडं फेकून द्या, असं मी कोणालाही सांगत नाही. कमी पाणी मागणारी, कमी निगा लागणारी झाडं निवडा, एवढंच सांगतो. अशा वेळी मला हमखास एका डॉक्टरांची आठवण होते. घरात, बंद हवेत, फारशी देखभाल न करता दुर्मीळ झाड जगू शकतं, हे जगाला दाखवलं ते लंडनच्या नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी. तेही आपल्यासारखे साधे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते.

वॉर्ड यांचा जन्म १७९१ सालचा. वडीलही डॉक्टर होते. तेरा वर्षांचे असताना त्यांना जहाजाने जमैकाला पाठवण्यात आलं. तिथली नेच्यांनी आणि ताडांनी भरलेली हिरवाई त्यांच्या मनात कायमची बसली. परत येऊन ते वैद्यक शिकले आणि लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये वडिलांचा दवाखाना चालवू लागले. वस्ती गरिबांची, दाटीची. कोळशाच्या धुराने आकाश काळवंडलेलं. घरामागे त्यांनी दगड रचून नेच्यांची छोटी बाग केली. धुराने ती मरून गेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली.

१८२९ साली त्यांनी एक पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत बंद केला. त्यातून पतंग कसा बाहेर येतो, हे त्यांना पाहायचं होतं. रोज पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की दिवसा मातीतली ओल वाफ होऊन वर जाते, काचेवर थेंब जमतात आणि तेच पाणी पुन्हा मातीत उतरतं. काही दिवसांनी मातीतून दोन हिरवे कोंब वर आले. एक नेचा होता, दुसरं साधं गवत. जो नेचा बागेत काही केल्या जगत नव्हता, तोच बंद बाटलीत आपणहून उगवला होता.

त्यांनी ती बाटली अभ्यासिकेच्या उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली. पाणी घातलं नाही, झाकण काढलं नाही. झाडं जवळपास चार वर्षं जगली. ते बाहेरगावी असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि झाडं कुजून मेली. कोरड पडून ती मेली नाहीत, मेली ती जास्तीच्या पाण्याने. घरात झाडं ठेवणाऱ्याने एवढा एक धडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

यामागचं शास्त्र सोपं आहे. पानांतून आणि मातीतून निघालेली वाफ बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे तेच पाणी फिरत राहतं. उजेडात झाड कार्बन डायऑक्साइड घेतं आणि प्राणवायू सोडतं. झाडाच्या आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा तयार होतो. बाहेरचा धूर मात्र आत शिरत नाही. उजेड हवाच, त्याला पर्याय नाही.

त्या काळी परदेशातून आणलेली बहुतेक रोपं जहाजावर खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने मरत. हॅकनीचे रोपवाटिकावाले जॉर्ज लॉडिजेस यांच्या मदतीने वॉर्ड यांनी लाकूड आणि काचेच्या घट्ट बंद पेट्या करवून घेतल्या. १८३३ मध्ये नेचे आणि गवतं भरलेल्या दोन पेट्या सिडनीला निघाल्या. महिनोन्महिन्यांच्या प्रवासानंतर झाडं जिवंत पोहोचली. १८३४ मध्ये त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली झाडं परत आली. वाटेत विषुववृत्ताची होरपळ होती, केप हॉर्नजवळ डेकवर बर्फाचा थर होता. एकदाही पाणी न घालता झाडं टवटवीत राहिली.

पुढे जगाचा नकाशाच बदलला. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिमालयाच्या उतारांवरच्या मळ्यांत आणली. १८६० नंतर दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीत रुजला तो याच पेट्यांमुळे. त्याच्या सालीतलं क्विनीन म्हणजे त्या काळचं हिवतापावरचं खरं औषध.

वॉर्ड यांनी आपल्या शोधाचं पेटंट घेतलं नाही. १८४२ साली पुस्तक लिहून सगळी पद्धत खुली केली. त्यात त्यांच्यातला वस्तीतला डॉक्टर दिसतो. अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या गरिबांच्या खिडकीत थोडी हिरवळ यावी, घरात उजेड यावा, अशी त्यांची तळमळ होती. इंग्लंडमध्ये तेव्हा काचेवरही कर होता आणि खिडक्यांवरही. काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्याच १८५१ च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनात, अठरा वर्षं पाणी न घातलेली त्यांची एक बाटली लोकांनी पाहिली. १८६८ साली, वयाच्या ७७व्या वर्षी ते गेले. लंडनच्या वेस्ट नॉरवूडमधल्या त्यांच्या थडग्यावर नावही नव्हतं.

या कथेला एक काळी बाजूही आहे. काच स्वस्त झाली, पेटी दिवाणखान्यात आली आणि इंग्लंडमध्ये नेचे गोळा करण्याचं वेड पसरलं. दुर्मीळ तेवढं हवंहवंसं वाटू लागलं. लोकांनी डोंगरकपारी ओरबाडल्या. किलार्नी फर्न नावाचा नाजूक नेचा तर ब्रिटन आणि आयर्लंडमधून जवळपास नाहीसा होण्याच्या वाटेवर गेला. गरिबांच्या खिडकीचा विचार करणाऱ्या माणसाच्या शोधातून हे घडलं.

नाशिककरांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आपल्या अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. तिच्या नावातच आपला डोंगर आहे. जगात ती अगदी मोजक्या जागी उरली आहे. पावसाळ्यात वर येते, फुलते, नंतर कंदाच्या रूपात जमिनीखाली झोपते. हौसेने कंद उपटून कुंडीत लावला तर डोंगरावरचं एक झाड कमी होतं. आणि घरी आपण बाराही महिने पाणी घालतो, त्यामुळे कंद कुजतो. तिला अंजनेरीवरच जाऊन, वाकून पाहावं आणि हात न लावता परत यावं.

घरासाठी तिची दूरची बहीण आहे. दक्षिण आफ्रिकेतली ‘सेरोपेजिया वूडी’, म्हणजे नर्सरीत ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावाने मिळणारी वेल. पानं बदामाच्या आकाराची, देठावर छोटे कंद, त्यातच ती पाणी साठवते. उजेडाच्या खिडकीत टांगा, माती पूर्ण सुकली की मगच पाणी द्या. फांदीपासून ती सहज वाढते, म्हणून नर्सरीतली रोपं रानातून उपटलेली नसतात. उजेड कमी असेल तर झी-झी प्लँट घ्या, त्यालाही कंद असतो आणि तोही पाण्यावाचून आठवडे काढतो. मात्र घरात रांगतं मूल असेल तर झी-झी, मनी प्लँट आणि डायफेनबाखिया हाताला लागणार नाहीत असे ठेवा. त्यांच्या पानांतले सुईसारखे स्फटिक चावल्यावर तोंड आणि जीभ सुजते, लाळ गळते. तसं झालं तर तोंड धुवा आणि श्वासाला किंवा गिळायला त्रास दिसला तर लगेच रुग्णालय गाठा.

झाड घेताना नर्सरीवाल्याला दोन प्रश्न विचारा: हे रोप कुठून आलं, आणि याला पाणी किती लागतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जितकं कमी, तितकं तुमच्या घराला बरं. आणि आज वर्तमानपत्र खाली ठेवलं की कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, पुसून घ्या. मनी प्लँटच्या बाटलीतलं पाणी आठवड्याला बदला, बाटली आतून घासा, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. दर आठवड्याचा एक वार त्यासाठी ठरवून टाका.