ग्रेस डार्लिंग : दीपगृहातील मुलगी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असे संपादक मंडळाने सुचवले आणि मी ग्रेस डार्लिंगची निवड केली. शाळेच्या स्मरणिकेत शाळेत न गेलेली मुलगी!

तिचा जन्म १८१५ चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा. वडील विल्यम दीपगृहाचे रखवालदार. लिहायला-वाचायला तिला त्यांनीच शिकवले.

७ सप्टेंबर १८३८. हलहून डंडीला निघालेल्या ‘फॉरफरशायर’ आगबोटीचे बॉयलर गळू लागले, इंजिन थांबले आणि वादळात ती पहाटे फार्न बेटांच्या खडकावर आदळून दुभंगली. चाळीसहून अधिक माणसे गेली. उजाडल्यावर खडकावर हालचाल दिसली. भाऊ घरी नव्हता, म्हणून दुसरे वल्हे २२ वर्षांच्या ग्रेसने घेतले. वडील खडकावर उतरले, तेव्हा उसळत्या लाटांत होडी तिने एकटीने सांभाळली. मला हेच मोठे वाटते. होडी फुटती, तर कोणीच परतले नसते. दोन खेपांत नऊ जण वाचले. त्यांत सारा डॉसन होती. तिची दोन्ही मुले तिच्या कुशीतच दगावली होती.

पुढे पदक, राणी व्हिक्टोरियाचे ५० पौंड, चित्रकारांची रांग, केसांची बट मागणारी पत्रे! ती दीपगृहातच राहिली. १८४२ साली क्षयाने गेली, अवघ्या २६ व्या वर्षी.

पहिल्या आलेल्यांची नावे शाळेच्या फलकावर आहेतच. दुसरा खडकावर उतरलेला असताना होडी धरून ठेवणारेही आपल्या वर्गात होते. हा लेख त्यांच्यासाठी.