विश्लेषण : चंद्रलेखा यांनी भरतनाट्यममधून देव आणि नायिका का वगळल्या?

भारतातील समकालीन नृत्याचा इतिहास चंद्रलेखा (१९२८-२००६) यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. ऐन उमेदीत रंगमंचापासून दूर गेलेल्या या नृत्यदिग्दर्शिकेने आपले सर्वांत महत्त्वाचे काम पन्नाशीनंतर केले.

जडणघडण कशी झाली?
चंद्रलेखा यांचा जन्म ६ डिसेंबर १९२८ रोजी तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील वाडा येथे गुजराती कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून त्या कांचीपुरम एल्लप्पा पिल्लै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या आणि मद्रासमध्येच स्थायिक झाल्या.

नृत्य का थांबवले?
१९५२ मधील त्यांचे अरंगेत्रम रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होते. अभिनयातून यमुनेचे भरलेले पात्र दाखवताना त्यांना भेगाळलेली जमीन आठवली. रंगमंचावर पाणीच पाणी आणि बाहेर घोटभर पाण्यासाठी वणवण, ही विसंगती त्यांना आयुष्यभर छळत राहिली. ‘देवदासी’, ‘नवग्रह’ या रचनांनंतर दशकभराहून अधिक काळ त्या नृत्यापासून दूर राहिल्या. लेखन, पोस्टर आणि स्त्री चळवळ यांत रमल्या. १९८२ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोपही झाला. तो पुढे टिकला नाही.

पुनरागमनात नवे काय होते?
१९८४ मध्ये मुंबईतील पूर्व-पश्चिम नृत्य महोत्सवातून त्या परतल्या. पुढच्याच वर्षी ‘अंगिका’ आली. त्यात भरतनाट्यमच्या जोडीला योग आणि केरळचे कलारिपयट्टू होते. दागदागिने, देवांच्या कथा, विरहिणी नायिका मात्र नव्हत्या. उरले होते फक्त शरीर: त्याचा कणा, तोल आणि ताकद. परंपरेचे पाईक नाराज झाले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. ‘लीलावती’मध्ये (१९८९) त्यांनी भास्कराचार्यांची गणिती कोडी नाचवली, तर ‘श्री’मध्ये वाकलेल्या कण्याच्या बाईला ताठ उभे राहताना दाखवले.

वारसा कोणता?
२००१ मधील ‘शरीर’ ही त्यांची अखेरची रचना. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार आणि पुढे फेलोशिपही दिली. ३० डिसेंबर २००६ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. नर्तकीचे शरीर कुणाला रिझवण्यासाठी नसून तिचे स्वतःचे आहे, ही त्यांची भूमिका त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना बळ देणारी ठरली.