राजोद्यानाचा शिल्पी

आंद्रे ल नोत्र याचा जन्म इ. स. १६१३ मध्ये पॅरिस येथे राजमाळ्यांच्या घराण्यात झाला. अर्थमंत्री फूके याच्यासाठी त्याने रचलेले उद्यान १६६१ मध्ये राजा चौदाव्या लुईने पाहिले. काही दिवसांतच अफरातफरीच्या आरोपावरून फूके कारागृहात गेला. ल नोत्रला मात्र व्हर्सायचे काम मिळाले. तेथील दलदलीच्या भूमीवर त्याने सरळ वीथी, रेखीव पुष्पवाटिका व विशाल कालवा निर्माण केला. परंतु साऱ्या कारंज्यांना एकाच वेळी पुरेल एवढे पाणी नव्हते. राजा जवळ येताच सेवक शिट्टीने खूण करीत, मग तेथील कारंजी उसळत. वृक्षवेलींना शिस्त लावणाऱ्या या माळ्याला पाण्याने अखेरपर्यंत हुलकावणी दिली. १७०० मध्ये तो निवर्तला. पण युरोपातील अनेक राजांनी त्याचीच रचना आदर्श मानली.