लहान संघाचा मोठा कर्णधार

हावडा-मुंबई लोहमार्गावर, गोंदिया जिल्ह्यात, दरेकसा नावाचे एक लहानसे स्थानक आहे. भोवताली डोंगर आणि दाट जंगल आहे. जवळच हाजरा धबधबा आहे. अशा गावात सुटीच्या दिवशी मुले क्रिकेट खेळतात. एखादा मुलगा छान फटका मारतो, तेव्हा त्याचे मित्र म्हणतात, की तू मुंबईला असायला हवा होतास. लहान जागी राहून कोणी मोठे होत नाही, असे आपल्याला वाटते. याच लोहमार्गाने पश्चिमेकडे गेले, की गोंदियानंतर नागपूर लागते. त्या नागपूरच्या एका खेळाडूने मात्र अगदी उलट वाट धरली. त्याचे नाव कर्नल सी. के. नायडू.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे तेलुगू भाषक, पण ते वाढले नागपुरात. शाळेत असल्यापासून त्यांना क्रिकेटचा नाद होता. पुढे ते हिस्लॉप कॉलेजात शिकले. उंच, सडपातळ बांधा आणि मनगटात विलक्षण जोर, असा हा तरुण होता. १९१६ साली मुंबईच्या प्रसिद्ध चौरंगी सामन्यांत तो पहिल्यांदा उतरला. धावांचे खाते त्याने षटकाराने उघडले, तेव्हाच प्रेक्षकांनी त्याचे नाव लक्षात ठेवले.

त्या काळी मुंबई हेच भारतीय क्रिकेटचे मोठे केंद्र होते. नाव कमवायचे तर खेळाडूचे डोळे मुंबईकडे लागत. परंतु खेळून पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी किंवा एखाद्या राजाचा आश्रय लागे. १९२३ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी नायडूंना आपल्या संस्थानात बोलावले आणि सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. संस्थान म्हणजे इंग्रजांच्या काळातील देशी राजाचे राज्य. क्रिकेटच्या जगात तेव्हा इंदूरचा फारसा दबदबा नव्हता. नायडूंचे घर, मित्र आणि ओळखीचे मैदान नागपुरात होते. तरीही ते इंदूरला गेले आणि तेथलेच झाले.

इंदूरला गेल्याने त्यांचा खेळ मागे पडला नाही. डिसेंबर १९२६ मध्ये इंग्लंडचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला होता. त्याच्याविरुद्ध नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्या खेळीत ११ षटकार होते. मैदान लोकांनी फुलून गेले होते. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर झाला. त्या दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. पण कसोटीत संघाचे नेतृत्व नायडूंनी केले. ते राजे नव्हते, राजपुत्रही नव्हते. केवळ खेळाच्या बळावर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले.

एवढी कीर्ती मिळाल्यावर मोठ्या शहरात जाऊन राहणे त्यांना अवघड नव्हते. पण ते परत इंदूरलाच आले. कारण तेथे त्यांनी एक काम हाती घेतले होते.

इंदुरात मुश्ताक अली नावाचा एक मुलगा होता. तो तेरा वर्षांचा असताना नायडूंची नजर त्याच्यावर पडली. या मुलात काही वेगळे आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला आपल्या हाताखाली घेतले. उस्ताद शागिर्दाला घडवतो, तसे त्यांनी त्याला घडवले. १९३६ साली मुश्ताक अलींनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कसोटीत ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या दौऱ्यात कर्णधारपद नायडूंकडे नव्हते. ते विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळाले होते. पहिला कर्णधार आता दुसऱ्याच्या हाताखाली खेळत होता. पण त्याच्या शागिर्दाने त्याच्या डोळ्यांसमोर इतिहास घडवला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मुंबईचे ते मोठे सामने धर्मावर आधारलेले होते. हिंदूंचा संघ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, पारशांचा आणि युरोपियनांचाही वेगळा. त्यामुळे मुंबईच्या मैदानावर नायडू हिंदूंच्या संघात असत, तर मुश्ताक अली मुसलमानांच्या संघात. इंदूरला आले, की मात्र दोघे एकाच संघाचे खेळाडू असत. मोठ्या शहरात जे साधले नव्हते, ते या लहान संस्थानाच्या मैदानावर सहज घडत होते.

१९४१-४२ पासून होळकर संघ आपल्या नावाने रणजी करंडक स्पर्धेत उतरू लागला. नायडूंचे वय तेव्हा ४६ वर्षांचे होते. या वयात बहुतेक खेळाडू बॅट खाली ठेवतात. नायडू मात्र नवा संघ बांधत होते. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, आपले धाकटे बंधू सी. एस. नायडू अशा गुणी खेळाडूंची त्यांना साथ मिळाली. त्यांची शिस्त मोठी कडक होती. चेंडू अंगावर लागला तरी ती जागा चोळायची नाही, दुखते असे दाखवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. तो दंडक ते स्वतःही पाळत. एका सामन्यात दत्तू फडकर यांचा वेगवान चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला आणि दात पडले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. तरी ते मैदान सोडून गेले नाहीत; पुढचा चेंडू खेळायला उभे राहिले.

१९४४-४५ साली होळकर संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. समोर बलाढ्य मुंबई होती. शेवटच्या डावात होळकर संघाला जिंकण्यासाठी ८६७ धावा हव्या होत्या. मुश्ताक अलींनी या सामन्यात दोन्ही डावांत शतके ठोकली. महायुद्धामुळे भारतात आलेला इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळत होता. तो २४९ धावांवर नाबाद राहिला. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात एकंदर ९१७ चेंडू टाकले. तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला.

पण संघाने हार मनावर घेतली नाही. पुढच्याच वर्षी तो पुन्हा अंतिम सामन्यात आला. या वेळी समोर बडोदा होता. पन्नास वर्षांच्या नायडूंनी २०० धावा काढल्या आणि रणजी करंडक इंदूरला आणला. त्यांनी इंदुरात पाऊल ठेवले, त्याला आता तेवीस वर्षे होत आली होती. त्यानंतर हा लहान संघ मोठमोठ्या संघांना भारी पडू लागला. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघ नऊ वर्षांत आठ वेळा अंतिम सामन्यात खेळला आणि चार वेळा विजयी झाला.

१९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९५५ नंतर होळकर संघही राहिला नाही. ज्या संघासाठी नायडूंनी आयुष्य वेचले, त्याचे नाव स्पर्धेच्या यादीतून गेले. नायडू मात्र थांबले नाहीत. १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले आणि आपल्या अखेरच्या रणजी सामन्यात त्यांनी ५२ धावा केल्या. १९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

आज भारतीय क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार सी. के. नायडू यांच्या नावाने दिला जातो. देशातील ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यांच्या राष्ट्रीय करंडकाला सय्यद मुश्ताक अली यांचे नाव आहे. संघ गेला, संस्थान गेले. उस्ताद आणि शागिर्द यांची नावे मात्र उरली.

मोठ्या जागी गेल्याने माणूस मोठा होतोच असे नाही. नायडू लहान जागी गेले, तेथे टिकून राहिले, आणि जे जवळ होते त्यांना घडवत राहिले. म्हणून ती जागाच मोठी झाली. दरेकशाच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलानेही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले गाव लहान आहे, म्हणून आपले कामही लहानच राहील, असे समजण्याचे कारण नाही.