तापल्या वाळूतले गाढव आणि नाथांची कावड

फाल्गुनाचे ऊन चढू लागले की सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या अणदूर, नळदुर्ग, जळकोट या गावांत दुपारचे रस्ते ओस पडतात. उभ्या वाहनांच्या सावलीत भटकी कुत्री धापा टाकत पडलेली असतात. मोकाट जनावरे हापशाखाली साचलेल्या पाण्याशी घोटाळतात. गेली काही वर्षे रमजानचे रोजे याच दिवसांत येत आहेत आणि पैठणची नाथषष्ठीही याच दिवसांतली. असरच्या नमाजपर्यंत रोजेदाराचा घसा कोरडा पडलेला असतो. तहान म्हणजे काय, हे त्या वेळी कोणी समजावून सांगावे लागत नाही. अशा वेळी मराठवाड्याच्या मातीतल्या एकनाथ महाराजांची आठवण होणे साहजिक आहे.

नाथांचा जन्म पैठणचा, १५३३ च्या सुमाराचा. घराणे विठ्ठलभक्त संत भानुदासांचे. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवले. ज्ञानाची ओढ लागलेला हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला. जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत होते आणि देवगिरी किल्ल्याचा कारभार पाहत. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी परंपरेतले सूफी होते, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे नाथांच्या घडणीत वारकऱ्यांची भक्ती होती, तशी सूफींची सोबतही होती.

देवगिरीवरची एक गोष्ट घरोघरी सांगितली जाते. गुरूंनी हिशेबाचे काम नाथांकडे सोपवले होते. एकदा एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजवली. एका पैसाठी झोप मोडणारा हा माणूस पुढे सगळा हिशेब कसा बाजूला ठेवतो, हे त्यांच्या चरित्रातल्या दुसऱ्या गोष्टीत दिसते.

त्या काळी काशीहून गंगेचे पाणी कावडीत भरून रामेश्वरला नेत आणि तिथे शंकराला अभिषेक करीत. वाट सुमारे २,००० किलोमीटरची आणि तीही पायी. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना घडे. कित्येक महिने जपलेले ते पाणी स्वतःला तहान लागली तरी कोणी पीत नसे. नाथही अशी कावड घेऊन निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडताना दिसले. बरोबरचे यात्रेकरू हळहळले असतील. पण देवासाठी आणलेले पाणी गाढवाला पाजावे, हे कोणाच्या मनात आले नाही. नाथांनी कावड खाली ठेवली, घड्याचे तोंड सोडले आणि गंगेचे पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. गाढव उठून उभे राहिले. सोबत्यांना वाटले, यात्रा वाया गेली. नाथांना मात्र आपला रामेश्वर त्या वाळूतच भेटला होता.

ते जनावर गाय असते तर सोबत्यांपैकी कोणी पुण्य म्हणून पुढे आलेही असते. पण गाढवाला ना मान, ना त्याच्याकडून काही परत मिळण्याची आशा. ते सोबती दुष्ट नव्हते. एवढ्या कष्टाचे पाणी देवाला पोचावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्या मुक्या जनावराने कोणाच्या मनात किती ओलावा आहे, हे उघडे केले.

अशीच एक गोष्ट प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सोबत्यांना सांगितली होती. एक वाटसरू तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरला आणि पाणी प्यायला. वर येऊन पाहतो तो एक कुत्रे तहानेने ओली माती चाटत होते. आपल्यासारखीच याचीही दशा झाली आहे, हे ओळखून तो पुन्हा खाली उतरला, पायातला चामडी मोजा पाण्याने भरला, दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याचे गुनाह माफ केले. जनावरांवर दया केली तरी पुण्य मिळते का, असे सोबत्यांनी विचारले, तेव्हा प्रत्येक जिवाच्या बाबतीत ते मिळते, असे प्रेषितांनी सांगितले. हदीसच्या ग्रंथांत ही गोष्ट नोंदलेली आहे.

गाढवाला पाणी पाजणारे नाथ माणसाच्या बाबतीतही तसेच वागले. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातले मूल त्यांनी कडेवर घेऊन घरी पोचवले. श्राद्धासाठी रांधलेले अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, म्हणून पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला. मुलगा हरिपंडित वडिलांच्या या वागण्यावर रुसून काशीला निघून गेला. पत्नी गिरिजाबाई मात्र नाथांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. दयेची किंमत नाथांनी घरातच मोजली. पण वागणे बदलले नाही.

ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत १५८४ मध्ये त्यांनीच सिद्ध केली. त्यांचे एकनाथी भागवत आजही गावोगावी वाचले जाते. ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेत त्यांनी दोन धर्मांच्या माणसांना मनसोक्त भांडू दिले आणि शेवटी एकमेकांच्या गळ्यात गळा घालायला लावले. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला.

रमजानमध्ये जकातीचा हिशेब काटेकोर होतो, अडीच टक्क्यांप्रमाणे पैन् पै मोजली जाते. तो हिशेब हवाच. पैच्या चुकीसाठी जागणाऱ्या नाथांनाही तो पटला असता. पण दारातल्या तहानलेल्या जनावराला पाजलेले पाणी कोणत्याही वहीत लिहायचे नसते. इफ्तारचे सरबत ढवळताना उंबऱ्याबाहेर पाण्याचे एक मातीचे भांडे भरून ठेवायला फारसा वेळ लागत नाही. मग ते घर नमाज पढणाऱ्याचे असो की हरिपाठ म्हणणाऱ्याचे.