विश्लेषण : आटपाडीचा भिंत नसलेला तुरुंग आणि वॉर्साचे ‘स्वामी’

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. तुरुंगाचा उंच तट तिथे नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत. त्याची कथा लिहिणारे गदिमाही याच मुलखातले. मात्र या वसाहतीमागे एक पोलिश ज्यू इंजिनीअर होता, हे सिनेमाच्या गप्पांत राहून जाते.

मॉरिस फ्रिडमन कोण होते?

वॉर्साच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले फ्रिडमन १९३०च्या दशकात म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात आले. रमण महर्षींच्या सहवासात राहिले, भगवी वस्त्रे घेतली आणि स्वामी भारतानंद झाले. गांधीजींसाठी त्यांनी सूत कातण्याची ‘धनुष तकली’ तयार केली.

औंधचे युवराज अप्पासाहेब पंत यांच्याशी मैत्री जमली आणि ते औंधला पोहोचले. ७२ गावांचे हे संस्थान तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. आटपाडी त्यातलाच एक भाग. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. तिच्या आणि १९३९च्या राज्यघटनेच्या घडणीत गांधीजी, अप्पासाहेब यांच्यासह फ्रिडमनही होते. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना माळावर मोकळे वसवण्याचा प्रयोग त्याच काळातला.

ज्यू धर्मात ‘सर्वत्र देव’ चालतो का?

सरळ उत्तर नाही. यहुदी धर्माचा पाया सृष्टीहून वेगळा असलेला निर्माता. तरीही कब्बाला या गूढपंथात अनंत तत्त्वापासून सारे उगवते असे मानतात. अठराव्या शतकात पूर्व युरोपात पसरलेल्या हसिदी पंथाने तर देवाविना रिकामी जागाच नाही, असे शिकवले. पण इथे सृष्टी देवात असते, देव सृष्टीत संपत नाही. ॲमस्टरडॅमच्या स्पिनोझाने (१६३२-१६७७) देव आणि निसर्ग एकच म्हटले. भिंगे घासून पोट भरणाऱ्या या विचारवंताला समाजाने त्याआधीच, १६५६ मध्ये, तेविसाव्या वर्षी बहिष्कृत केले होते.

फ्रिडमन स्पिनोझाच्या वाटेने आले, असे म्हणायला आधार नाही. त्यांना भिडले ते अद्वैत. आणि अद्वैत म्हणजे सर्वेश्वरवाद नव्हे : एक जगालाच देव म्हणतो, दुसरे जगाचे वेगळे अस्तित्वच नाकारते. माणसामाणसांतली भिंत मात्र दोन्हींत टिकत नाही, आणि स्वतंत्रपुरात ती खरोखरच बांधलेली नव्हती.

ते भारतात असतानाच, १९४० मध्ये नाझींनी वॉर्साच्या लाखो ज्यूंना तटबंद वस्तीत कोंडले. त्यांतले बहुतेक मारले गेले. फ्रिडमन यांनी १९४४ मध्ये वांदा दिनोव्स्का यांच्यासोबत पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. पुढे तिबेटी निर्वासितांसाठीही झटले.

शेवटचा मुक्काम मुंबई. खेतवाडीत विडीचा धंदा केलेले निसर्गदत्त महाराज घराच्या माळ्यावर मराठीत बोलत. ती संभाषणे फ्रिडमन यांनी इंग्रजीत आणली. ‘आय ॲम दॅट’ १९७३ मध्ये ‘चेतना’ने प्रसिद्ध केले आणि परदेशी साधक खेतवाडीचा पत्ता विचारू लागले. त्यानंतर तीन-चार वर्षांतच फ्रिडमन गेले. स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे.