खाशाबा जाधव : पदकामागे गहाण पडलेलं घर

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. कराडकडचा किरकोळ बांध्याचा एक पोरगा कुस्तीला नाव द्यायला गेला, तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघूनच त्याला परत पाठवलं. पोरगा गप्प बसला नाही, थेट प्राचार्यांकडे गेला. त्यांनी परवानगी दिली आणि आपल्यापेक्षा थोराड गड्यांना त्याने आस्मान दाखवलं. हेच खाशाबा दादासाहेब जाधव, स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात त्यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. म्हणजे तांबड्या मातीची ओळख घरातच झाली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. अभ्यासातही ते मागे नव्हते. बेचाळीसच्या चळवळीतही त्यांनी आपला वाटा उचलला.

आता शाळा-कॉलेजचं क्रीडायश म्हटलं की मुख्याध्यापकांच्या कपाटातले कप मोजले जातात. राजाराम कॉलेजने त्या वेळी काय केलं, ते मात्र कुठल्याच कपाटात मावणारं नाही. एक तर नाकारलेल्या पोराला दार उघडलं. दुसरं म्हणजे बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींसारखे वस्ताद त्यांना लाभले. तिसरी गोष्ट पैशाची, आणि गाडी अडते ती बहुतेक तिथेच.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने जाणं झालं. आयुष्य मातीत गेलेलं, आणि तिथे लढायचं मॅटवर! तरीही फ्लायवेट गटात सहावा नंबर आला. परत आल्यावर मेहनत आणखी वाढली.

१९५२ साली हेलसिंकीसाठी निवड झाली, पण खर्चाचं काय? सरकारकडून वेळेवर पुरेसं काही हाती येईना. गावाने वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचं छप्पर गहाण ठेवायचं, हे बोलायला सोपं आहे.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झुंज लांबली, त्यात ते हरले. दमलेल्या अंगाने लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीची वेळ मिळायला हवी होती, पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. कराड-कोल्हापूरची माणसं पाठीशी होती म्हणून गडी तिथवर पोचला, आणि ऐन मोक्याला त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही! कांस्यपदक मिळालं. पुढे इशीलाच सुवर्ण मिळालं.

कराडला परतल्यावर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल उडाला, ढोल वाजले. खाशाबांच्या डोक्यात मात्र कर्ज होतं. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. हयातीत मोठा राष्ट्रीय सन्मान वाट्याला आला नाही. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतरचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक भारताला मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं.